जपानी चित्रकलेच्या प्रतिकृती व त्यांचे प्रदर्शन

पारंपरिक जपानी चित्रे मूळ आकारात व मूळ रंगांशी शक्य तितकी मिळतीजुळती उतरवून, मूळ कृतीऐवजी ती प्रेक्षकांपुढे मांडण्याची पद्धती. हस्तचित्रित नक्कल, लाकडी ठशांनी केलेले रंगीत पुनर्मुद्रण, काचपट्टीवरून केलेले कोलोटाइप मुद्रण आणि एकविसाव्या शतकातील अतिसूक्ष्म अंकीय मुद्रण हे तिचे प्रमुख टप्पे होत. अन्य देशांत प्रतिकृती ही बहुधा मूळ चित्राची दुय्यम जागा भरून काढणारी वस्तू मानली जाते. जपानमध्ये मात्र ती जतनाचे व अध्यापनाचे आणि मंदिरांच्या बाबतीत उपासनेचेही साधन राहिली आहे. या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रातून, अजिंठ्याच्या लेण्यांतून गेलेला आहे. तो लक्षात घेतल्याशिवाय जपानी प्रतिकृति-प्रदर्शनांचे आजचे स्वरूप नीट उलगडत नाही.

जपानी चित्रांच्या माध्यमांतच या पद्धतीचे मूळ आहे. ही चित्रे बहुतांशी कागदावर वा रेशमावर, प्राणिज सरसात कालवलेल्या खनिज रंगांनी काढलेली असतात. निळ्यासाठी ॲझुराइट, हिरव्यासाठी मॅलाकाइट आणि पांढऱ्यासाठी शिंपल्यांची पूड वापरतात. सरस जुना झाला की रंगाचे कण सुटू लागतात, रेशीम तपकिरी पडून ठिसूळ होते आणि प्रकाशाने वनस्पतिज रंग उडतात. गुंडाळीचे चित्र प्रत्येक वेळी उलगडताना व घडीचा पडदा प्रत्येक वेळी उघडताना थोडा तरी झिजतो. म्हणून राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेली चित्रे वर्षातून साधारणपणे दोनदा व एकूण साठ दिवसांपर्यंतच लोकांसमोर ठेवावीत, असा दंडक जपानी शासनाने घालून दिला. उरलेल्या दहा महिन्यांत त्या चित्राच्या जागी काय ठेवावयाचे, हा प्रश्न तेथील प्रत्येक मंदिराला व संग्रहालयाला पडतो. त्याचे उत्तर प्रतिकृतीने दिले आहे.

नक्कल करण्याची परंपरा त्याहून बरीच जुनी आहे. गुरूच्या वा पूर्वसूरींच्या चित्राची हुबेहूब प्रत करणे हा जपानी चित्रशाळांतील शिक्षणाचा पाया होता. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवून, तो वारंवार गुंडाळून-उचलून, डोळ्यात राहिलेली रेषा खालच्या चित्राप्रमाणे उतरवीत जाण्याची एक खास पद्धती तेथे रूढ आहे. तीत हाताइतकीच स्मरणशक्तीही कामाला लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओकाकुरा काकुझो (१८६३–१९१३) या कलाविचारकाने या परंपरेला संस्थात्मक रूप दिले. जुन्या बौद्ध चित्रांच्या प्रती तज्ञ चित्रकारांकडून करवून घेण्याचे काम त्याच्या पुढाकाराने सुरू झाले. १८८९ मध्ये त्याने व ताकाहाशी केन्झो याने कोक्का हे कलाविषयक नियतकालिक काढले. त्यात प्राचीन चित्रे लाकडी ठशांनी अनेक रंगांत पुनर्मुद्रित केली जात आणि कोलोटाइपचे पानही असे. कोलोटाइप या मुद्रणप्रकारात काचेवरील प्रकाशसंवेदी जिलेटिनाच्या थरावर चित्र उमटवितात व त्या थरावरूनच छपाई करतात. नेहमीच्या छपाईतील बारीक ठिपक्यांची जाळी त्यात नसल्याने फिक्यापासून गडदापर्यंतच्या छटा अखंड उतरतात. एका काचपट्टीवरून निघणाऱ्या प्रती मात्र मर्यादित असतात. पाश्चात्त्य देशांत ही पद्धती पुढे जवळजवळ लोप पावली. क्योटो येथील बेन्रिदो या मुद्रणसंस्थेने ती टिकवून धरली.

जपानी चित्राची प्रतिकृती भारतात आणण्याचा सर्वांत उल्लेखनीय प्रसंग १९१६ मधील आहे. त्या वर्षी रवींद्रनाथ टागोर जपानच्या प्रवासास गेले असता योकोहामा येथे रेशमाचे व्यापारी व कलासंग्राहक हारा तोमितारो यांच्याकडे राहिले. तेथे त्यांनी शिमोमुरा कान्झान (१८७३–१९३०) या चित्रकाराचे ‘योरोबोशी’ हे पडदाचित्र पाहिले. सोनेरी पार्श्वभूमीवर फुललेल्या आलुबुखाराच्या वृक्षाखाली, मावळत्या सूर्याकडे तोंड करून हात जोडणारा अंध तरुण असा त्याचा विषय असून तो नो नाटकातून घेतलेला आहे. हे मोकळे, विस्तीर्ण चित्र बंगालमधील चित्रकारांनी पाहिलेच पाहिजे, असे रवींद्रनाथांना वाटले. मूळ पडदा मिळणे शक्य नव्हते. म्हणून त्याची पूर्ण आकाराची प्रत करवून घेण्यात आली. ती करणारा चित्रकार अराई काम्पो (१८७८–१९४५) हा कोक्काच्या कामात जुन्या बौद्ध चित्रांच्या नकला करून तयार झालेला होता. त्याच वर्षी तो रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कलकत्त्यास आला आणि त्यांच्या ‘विचित्रा’ या कलाशाळेत जपानी तंत्र शिकवू लागला. भारतीय विद्यार्थ्यांच्या एका पिढीस जपानी पडदाचित्राचे प्रमाण व त्यातील रिकाम्या जागेचा उपयोग या गोष्टी प्रथम कळल्या त्या अशा प्रतिकृतीवरून, ही गोष्ट आपल्याकडील कलेतिहासांत फारशी ठळकपणे नोंदली गेलेली नाही.

अजिंठा : याच अराईने महाराष्ट्रात येऊन उलट दिशेचे काम केले. १९१७-१८ च्या हिवाळ्यात तो व त्याचे सहकारी, कलेतिहासाचा अभ्यासक सावामुरा सेन्तारो याच्यासमवेत, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी लेण्यांत राहिले. या गटात नोउसु कोसेत्सु हाही होता. पुढे १९३२–३६ या काळात सारनाथच्या मूलगंधकुटी विहारातील बुद्धचरित्राची भित्तिचित्रे त्यानेच रंगविली. ओकाकुराने १९०२ मध्येच अजिंठ्यास भेट दिली होती. नारा येथील होर्यूजी मंदिराच्या सुवर्णमंडपातील भित्तिचित्रे आणि अजिंठ्याची चित्रे यांत जवळचे नाते आहे, हे जपानी अभ्यासकांना ठाऊक होते. होर्यूजीमधील बोधिसत्त्वाची किंचित कललेली मान, लांब डोळे व कमळ धरलेली बोटे पाहून लेणे क्र. १ मधील पद्मपाणीची आठवण व्हावी, इतके हे साम्य स्पष्ट आहे. त्यामुळे जपानी चित्रकाराच्या दृष्टीने अजिंठ्यात येणे म्हणजे स्वतःच्या परंपरेचे उगमस्थान पाहणे होय.

अजिंठ्याच्या नकला करणारे ते पहिले नव्हते आणि आधीच्या नकलांची हकीकत फारशी सुखाची नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ पासून अनेक वर्षे या कामात गुंतला होता. त्याची मोठी तैलचित्रे लंडनजवळील सिडनम येथील स्फटिकगृहात मांडलेली होती. १८६६ च्या डिसेंबरात तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक नष्ट झाली. त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचा जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ ते १८८५ या काळात, मध्ये खंड पडूनही, आपल्या विद्यार्थ्यांकडून सुमारे तीनशे प्रती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे चित्रकार या कामात घडले. त्या प्रती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात पाठविण्यात आल्या आणि १८८५ मध्ये तेथेही आग लागून त्यांचा मोठा भाग जळाला. ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे काही चित्रांची नोंद तरी राहिली. रंग उजळून दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी भिंतींवर व्हार्निश चढविले. ते पुढे पिवळे पडले व तडकले. म्हणजे प्रती जळाल्याच, शिवाय त्या करण्याच्या खटपटीत मूळ चित्रांनाही इजा पोहोचली. १९०९–११ मध्ये लेडी हेरिंगम हिने नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा आदींच्या साहाय्याने केलेल्या प्रती १९१५ मध्ये ग्रंथरूपाने छापल्या गेल्या; त्या या दुर्दैवातून वाचल्या.

जपानी गटाच्या प्रतींनाही तोच शाप लागावा, हे विलक्षणच म्हटले पाहिजे. टोकिओच्या विद्यापीठात जतन केलेल्या अजिंठ्याच्या नकला १ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या कांतो भूकंपानंतरच्या अग्निप्रलयात जळून गेल्या. एका हिवाळ्याची मेहनत आणि आज भिंतींवर न दिसणाऱ्या अनेक बारकाव्यांची साक्ष अशा रीतीने लोपली.

होर्यूजी : अजिंठ्याहून परतल्यावर दोन तपे लोटली, तेव्हा अराईच्या वाट्याला होर्यूजीच्या भित्तिचित्रांचे काम आले. सातव्या शतकाच्या अखेरीस वा आठव्याच्या आरंभी रंगविलेल्या या बारा भिंतींपैकी चार मोठ्या व आठ लहान होत्या. गिलावा सुटत चालल्याने प्रथम १९३५ मध्ये जपानी शासनाने त्यांचे छायाचित्रण करविले. बेन्रिदोच्या तंत्रज्ञांनी मोठ्या काचपट्ट्यांवर, भिंतीचे भाग पाडून, चित्रे मूळ आकारात टिपली. शिवाय रंगांचे पृथक्करण करणाऱ्या पट्ट्याही घेतल्या. त्या वेळी हे काम कोणास अनाठायी खर्चाचे वाटले असते तर नवल नव्हते. १९४० मध्ये हस्तचित्रित प्रतींचे काम सुरू झाले. अराई, नाकामुरा गाकुर्यो, इरिए हाको व हाशिमोतो मेइजी हे चार गटांचे प्रमुख होते. अंधाऱ्या मंडपात रंग खरे दिसावेत म्हणून नलिकादीप बसविण्यात आले. जपानमध्ये प्रतिदीप्त दिव्यांचा प्रत्यक्ष कामासाठी केलेला हा पहिला वापर समजतात. युद्धामुळे काम रेंगाळले. १९४५ च्या एप्रिलमध्ये होर्यूजीकडे जाण्याच्या प्रवासातच अराईचे निधन झाले.

२६ जानेवारी १९४९ च्या पहाटे सुवर्णमंडपास आग लागली आणि भित्तिचित्रांचे रंग करपून गेले. नकला करणाऱ्या चित्रकारांनी कडाक्याच्या थंडीत वापरलेली विजेची उबदार गादी आगीस कारण झाली असावी, असा संशय घेतला गेला; तो निर्विवादपणे सिद्ध झाला नाही. दुरुस्तीसाठी आधीच काढून ठेवलेली वरच्या भागातील उडत्या अप्सरांची छोटी चित्रे तेवढी वाचली. या घटनेने जपानी समाज हादरला व १९५० मध्ये सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा कायदा करण्यात आला. १९५५ पासून २६ जानेवारी हा दिवस तेथे प्राचीन वास्तू व वस्तू यांच्या अग्निप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळला जातो. १९६७-६८ मध्ये यासुदा युकिहिको, माएदा सेइसोन, हाशिमोतो मेइजी व योशिओका केन्जी यांच्या मार्गदर्शनाखाली चित्रकारांच्या गटांनी भित्तिचित्रे नव्याने रंगविली. १९३५ च्या काचपट्ट्यांवरून जपानी कागदावर कोलोटाइप छापून घेण्यात आले आणि त्या फिक्या छापावर खनिज रंगांनी काम करण्यात आले. सुवर्णमंडपात आज दिसतात त्या या प्रती होत. करपलेल्या मूळ भिंती मंदिराच्या आवारातच एका वेगळ्या कोठारात जपून ठेवल्या आहेत.

या दोन हकीकती शेजारी ठेवल्या म्हणजे प्रतिकृतीच्या प्रश्नाचा गाभा हाती लागतो. हाताने केलेली एकमेव नकल मूळ चित्राइतकीच नश्वर असते. सिडनम, साउथ केन्सिंग्टन व टोकिओ येथे एकेक प्रत जळाली आणि तिच्याबरोबर तिच्यातील माहितीही गेली. होर्यूजीमध्ये मूळ चित्रच जळाले. पण ज्या नोंदीवरून पुन्हा पुन्हा प्रती निघू शकतात अशी काचपट्टी दुसऱ्या जागी शाबूत होती. मात्र केवळ काचपट्टीने काम भागले नाही. करड्या छायेत रेषेचा जोर व रंगाचा थर पुन्हा आणण्यासाठी, नकला करता करता ती चित्रे ज्यांच्या हातात मुरली होती असे चित्रकार लागले. यंत्राची अलिप्त नोंद आणि चित्रकाराचा सराव यांची अशी सांगड अजिंठ्याच्या बाबतीत वेळीच घातली गेली असती, तर लेण्यांच्या अभ्यासाचे चित्र निराळे दिसते, असे म्हणावेसे वाटते. गुलाम याझदानी यांच्या १९३०–५५ या काळातील चार भागांच्या ग्रंथाने छायाचित्रांच्या द्वारे ही उणीव काहीशी भरून काढली. पण तोवर बराचसा रंग झडून गेला होता.

अंकीय प्रतिकृती : २००७ मध्ये क्योटो सांस्कृतिक संघटना व कॅनन ही कंपनी यांनी ‘त्सुझुरी’ या नावाचा प्रकल्प सुरू केला. परदेशांतील संग्रहालयांत गेलेली वा प्रकाशात ठेवता न येणारी पडदाचित्रे व सरकत्या दारांवरील चित्रे यांच्या प्रती करून त्या मूळ स्थानी अर्पण करणे, हा त्याचा उद्देश होय. चित्राचे अनेक भाग पाडून अतिसूक्ष्म छायाचित्रे घेतात, ती संगणकावर बिनसांध्याची जोडतात आणि मूळ चित्रासमोर उभे राहून रंग जुळवितात. मग खास तयार केलेल्या जपानी कागदावर वा रेशमावर छपाई होते. सोन्याचा वर्ख मात्र छापीत नाहीत. क्योटोचे कारागीर तो हाताने चढवितात व जुना दिसावा म्हणून त्याची झळाळी कमी करतात. शेवटी पारंपरिक पडदेकार चित्र चौकटीत बसवितात. तावाराया सोतात्सु याचे वायुदेव व मेघगर्जनेचा देव यांचे सुप्रसिद्ध पडदे क्योटोच्या केन्निनजी मंदिराच्या मालकीचे असून मूळ पडदे क्योटो राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेले आहेत. मंदिरात येणाऱ्यास प्रतिकृती पाहावयास मिळते. ती काचेआड नसल्याने, खोलीतील बदलत्या उजेडात वर्ख कसा बोलतो हे तिच्यावरूनच अधिक चांगले कळते. २०१७ मध्ये टोकिओ राष्ट्रीय संग्रहालयाने हासेगावा तोहाकु याच्या ‘पाइन वृक्ष’ या पडद्यांची प्रतिकृती प्रेक्षकांनी चटईवर बसून, अगदी जवळून पाहावी अशा रीतीने मांडली. ज्या चित्राजवळ एरवी श्वासही जपून घ्यावा लागतो, त्याच्यासमोर मुलांना मोकळेपणी बसता आले.

टोकिओ कलाविद्यापीठाने याहून पुढे जाऊन होर्यूजीच्या भित्तिचित्रांची व बामियानच्या नष्ट झालेल्या छतचित्राचीही पुनर्निर्मिती केली आहे. नारुतो येथील ओत्सुका कलासंग्रहालय (१९९८) पाश्चात्त्य चित्रांच्या चिनी मातीच्या फरशांवरील एक हजाराहून अधिक प्रतिकृतींचेच बनलेले आहे. तो उपक्रम मात्र वेगळ्या जातीचा असून त्यात कुतूहलाचा भाग अधिक आहे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. खनिज रंगाचे जाड कण प्रकाशात चमकतात. छपाईची शाई सपाट असते. रेशमी चित्रात चित्रकार पुष्कळदा मागच्या बाजूने रंग लावतो व तो रेशमाच्या विणीतून मंदपणे पुढे झिरपल्यासारखा दिसतो. छायाचित्र ती छटा टिपते, पण तिचे कारण टिपत नाही. शिवाय मांडणी चुकली तर उत्तम प्रतिकृतीही निर्जीव होते. जपानी पडदा हा सपाट चौकटीत भिंतीवर टांगण्यासाठी नसतो. तो जमिनीवर नागमोडी उभा करावा लागतो; त्याच्या घड्यांमुळे काही वृक्ष पुढे येतात व काही मागे सरतात आणि पाहणाऱ्याची नजर बसलेल्या माणसाच्या उंचीवर असावी, हे गृहीत धरलेले असते. प्रतिकृती ही प्रतिकृती आहे हे फलकावर ठळकपणे सांगणे तर अनिवार्यच होय.

महाराष्ट्र व कोल्हापूर : महाराष्ट्रात छापील प्रतिकृतीने चित्र घरोघर पोहोचविले ते राजा रविवर्मा यांच्या मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या व नंतर मळवलीस गेलेल्या मुद्रणालयाने. दक्षिण महाराष्ट्रात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी चित्रकारांकडून अजिंठ्याच्या प्रती करवून घेतल्या आणि १९३२ मध्ये लेण्यांवर पुस्तकही प्रसिद्ध केले. औंधच्या संग्रहालयात या प्रती मूळ पाश्चात्त्य व भारतीय चित्रांच्या शेजारी मांडण्यात आल्या. ज्या प्रेक्षकास अजिंठ्यास जाणे परवडणारे नव्हते, त्याच्यासाठी लहानशा संस्थानाने केलेली ही सोय कौतुकास्पद होती. जपानच्या कर्जसाहाय्याने झालेल्या अजिंठा-वेरूळ विकासप्रकल्पातून फर्दापूरजवळ अभ्यागत केंद्र उभे राहिले आणि त्यात लेणी क्र. १, २, १६ व १७ यांच्या पूर्णाकार प्रतिकृती करण्यात आल्या. अराईच्या जळालेल्या प्रतींनंतर शतकाच्या आत जपानचा हात पुन्हा अजिंठ्याच्या नकलेस लागला. हे केंद्र पुढे काही काळ बंद राहिले, ही त्यातील खेदाची बाजू.

जपानी पडदाचित्रांच्या प्रतिकृतींचे महत्त्व कोल्हापूरसारख्या शहराच्या संदर्भात विशेष जाणवते. तापमान, आर्द्रता व प्रकाश यांचे बारा महिने काटेकोर नियंत्रण करणारी दालने असल्याखेरीज मूळ पडदा जपानबाहेर दिला जात नाही. पावसाळ्यात दमट हवेने भरणाऱ्या या शहरात तो येण्याचा संभव जवळजवळ नाही. प्रतिकृतीला ती अडचण नाही; दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या कलादालनासारख्या साध्या दालनातही तिची योग्य मांडणी होऊ शकते. येथील चित्रपरंपरा निसर्गचित्रणाची आहे. रंकाळा व पंचगंगेच्या परिसरातील धुके, पाण्यावरचा उजेड व झाडांचे पुंजके रंगविणाऱ्या चित्रकारांच्या शहरात तोहाकुचे धुक्यात विरणारे पाइन वृक्ष परके वाटण्याचे कारण नाही.

नष्ट झालेल्या मूळ कृतींचे दुःखही या शहरास परके नाही. बाबूराव पेंटर यांनी, अराई अजिंठ्यात काम करीत होता त्याच सुमारास, कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापिली. तिच्या मूकपटांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत आणि सावकारी पाश (१९२५) हा मूकपटही त्यांत आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेले आबालाल रहमान (मृत्यू १९३१) यांनी विपुल चित्रे काढली, पण त्यांतील फारच थोडी टिकली. त्यांच्या जलरंगांचा कागद जपानी कागदाइतकाच हळवा आहे. टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात व खाजगी संग्रहांत त्यांची जी चित्रे आहेत, त्यांची होर्यूजीप्रमाणे मूळ आकारातील रंगपृथक्कृत नोंद करणे आजच्या साधनांनी काही दिवसांचे काम आहे. १९३५ मध्ये होर्यूजीच्या भिंतींसमोर छायाचित्रकारांना त्यासाठी लाकडी मचाण उभारून जड काचपट्ट्या एकेक करून हलवाव्या लागल्या होत्या.